एका टक्क्याचा शेजारी

१७ मे २०२५, शनिवार. दिल्लीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयानं एक अधिसूचना काढली आणि ती त्याच दिवसापासून लागू झाली. बांगलादेशातून येणारे तयार कपडे यापुढे कोणत्याही भूसीमेवरून भारतात येणार नाहीत. येतील ते फक्त दोन बंदरांतून, कोलकाता आणि न्हावा शेवा. कपड्यांखेरीज फळांची पेयं, बिस्किटं, प्लॅस्टिकचा माल, लाकडी फर्निचर, सुताचा भंगार कचरा अशी आणखी एक यादी होती. हा माल आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामच्या सीमाचौक्यांवरून, तसंच उत्तर बंगालमधल्या चांगराबांधा आणि फुलबारीवरून आणायला मनाई झाली. मासे, एलपीजी, खाद्यतेल आणि खडी यांना सूट मिळाली. भारतातून नेपाळ-भूतानकडे जाणारा बांगलादेशी मालही वगळण्यात आला.

नकाशा उघडून बघितलं म्हणजे या आदेशाचा अर्थ कळतो. ढाक्याच्या आसपास गाझीपूर, साभार, नारायणगंज इथं कपड्यांचे कारखाने आहेत. पद्मा नदीवरचा पूल जून २०२२ मध्ये खुला झाल्यापासून ढाक्याहून बेनापोलच्या सीमेवर ट्रक काही तासांत पोचतो. पलीकडे पेट्रापोल, आणि तिथून कोलकाता ऐंशी किलोमीटर. आता हाच शर्ट दिल्ली-मुंबईच्या दुकानात न्हावा शेवामार्गे पाठवायचा, तर तो आधी दक्षिणेला चितगावच्या बंदरात जाणार, बहुतेकदा कोलंबोला जहाज बदलणार, श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येणार आणि उरणच्या धक्क्यावर उतरणार. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा आदेश आला. तागाचे धागे आणि तागाचं कापड यांनाही भूसीमा बंद झाली आणि एकच दार उघडं राहिलं, न्हावा शेवा. तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठावर, ताग पिकतो सीमेपलीकडे शंभर-दोनशे किलोमीटरवर, आणि माल उतरायचा रायगड जिल्ह्यात.

या आदेशांचं समर्थन करणारे जे सांगतात, त्यातही तथ्य आहे. महिनाभर आधी ढाक्यानं भारतीय सुतासाठी आपल्या भूसीमा बंद केल्या होत्या. ईशान्य भारतातल्या मालाला बांगलादेशाच्या चौक्यांवर अडवलं जातं, ही तक्रार जुनी आहे. पंतप्रधान शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ ला देश सोडून गेल्या, त्यानंतर मुहम्मद युनूस यांच्या हंगामी सरकारचे आणि दिल्लीचे संबंध बिघडतच गेले. मार्च २०२५ च्या अखेरीला चीनच्या दौऱ्यावर असताना युनूस यांनी भारताच्या ईशान्येकडच्या सात राज्यांना समुद्र नाही आणि त्या भागासाठी समुद्राचे राखणदार आपणच आहोत, असं विधान केलं. ते दिल्लीला झोंबणं साहजिक होतं. मला या भांडणात कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायचं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: दिल्लीतल्या एका पानाच्या कागदानं शेजारच्या देशाचं जगाच्या बाजारातलं स्थान हलतं, हे सामर्थ्य येतं कुठून? आणि ते वापरल्याची किंमत कोण मोजतं?

जागतिक बँकेनं २०२१ मध्ये एक साधी गोष्ट आकड्यांत मांडली होती. बांगलादेशाच्या एकूण व्यापारात भारताशी होणाऱ्या व्यापाराचा वाटा सुमारे दहा टक्के आहे. भारताच्या एकूण व्यापारात बांगलादेशाचा वाटा जेमतेम एक टक्का. एका टक्क्याच्या शेजाऱ्याबद्दलचा निर्णय दिल्लीत कुणाची झोप उडवत नाही. कापसाचा, कांद्याचा, तांदळाचा निर्णय होतो तो देशातल्या भावाकडे, गिरण्यांकडे आणि निवडणुकांकडे बघून. शेजारी देशात त्याचं काय होईल हे बहुतेक वेळा फायलीवर येतच नाही. सतरा कोटींच्या देशाचं भवितव्य अशा निर्णयांच्या कडेकडेनं घडत जातं. मोठी अर्थव्यवस्था शेजाऱ्याला घडवते ती ठरवून क्वचितच. आपल्या नादात चालताना तिचा धक्का लागतो, आणि शेजारी त्या धक्क्यानुसार आपली जागा बदलतो.

*

ही गोष्ट फाळणीपासून सुरू होते. १९४७ साली ताग पिकवणारी बहुतेक जमीन पूर्व बंगालमध्ये गेली आणि तागाच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या हुगळीकाठी राहिल्या. कच्चा माल एका देशात, यंत्रं दुसऱ्या देशात. १९४९ मध्ये ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं, त्यापाठोपाठ भारतानं रुपयाचं केलं, पाकिस्ताननं केलं नाही. त्या वादात दोन देशांचा व्यापार ठप्प झाला आणि पूर्व बंगालच्या तागाला गिऱ्हाईक उरलं नाही. त्यानंतर तिथं स्वतःच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १९५१ मध्ये नारायणगंजला आदमजी ज्यूट मिल सुरू झाली आणि पुढं ती जगातल्या सर्वांत मोठ्या ताग गिरण्यांत गणली गेली. भारतानंही पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाची लागवड वाढवली. एकमेकांना पूरक असलेले दोन प्रदेश काही वर्षांत एकमेकांचे स्पर्धक झाले. आदमजी २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज निर्यात क्षेत्र आहे आणि तिथं कपडे शिवले जातात. भारतानं २०१७ पासून बांगलादेशी तागाच्या मालावर अँटी-डंपिंग शुल्क लावलं आहे.

कपड्यांच्या धंद्याची सुरुवात मात्र भारतामुळे झाली नाही. ती झाली अमेरिकेच्या कोट्यामुळे आणि कोरियाच्या अडचणीमुळे. १९७४ च्या बहुतंतू करारानं श्रीमंत देशांनी कोणत्या देशाकडून किती कपडा घ्यायचा याच्या मर्यादा ठरवल्या. दक्षिण कोरियाचा कोटा भरला होता, बांगलादेशाला कोटाच लागू नव्हता. देवू ही कोरियन कंपनी कोटा नसलेल्या देशाच्या शोधात ढाक्याला आली आणि निवृत्त सनदी अधिकारी नुरूल कादर यांच्या देश गारमेंट्सशी तिचा करार झाला. १९७९ मध्ये देशनं १३० माणसं शिकण्यासाठी कोरियातल्या बुसानला पाठवली. ती परत आली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतली ११५ माणसं देश गारमेंट्स सोडून गेली. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. आजच्या बांगलादेशी कपडे उद्योगाचं मूळ शोधत गेलं की या तुकडीपाशी पोचायला होतं.

कादर यांनी आणि त्या वेळच्या सरकारनं आणखी दोन सोयी केल्या. त्या दिसायला कारकुनी वाटतात, पण सगळा उद्योग त्यांवर उभा आहे. पहिली म्हणजे बाँडेड गोदाम: निर्यातीसाठी लागणारं कापड आणि सूत शुल्क न भरता आणायचं. दुसरी बॅक-टू-बॅक एलसी: परदेशी गिऱ्हाइकाचं पतपत्र बँकेला दाखवायचं, त्याच्या आधारावर कापडवाल्याच्या नावानं दुसरं पतपत्र काढायचं. हातात भांडवल नसलेल्या माणसालाही यामुळे कारखाना चालवता आला.

मराठी वाचकाला इथं गिरणगाव आठवल्यावाचून राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच सुमारास ढाक्यात पहिल्या शिलाई यंत्रांच्या रांगा लागत होत्या. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. मुंबईच्या गिरण्या कापड विणत होत्या, ढाका कपडे शिवत होतं. पण कपडे शिवण्याचा धंदा आपल्याकडे का वाढला नाही, याला उत्तर आहे. शिवलेले कपडे हा आपल्याकडे लघुउद्योगांसाठी राखीव व्यवसाय होता. त्यात मोठं भांडवल घालून हजारो कामगारांचा एक कारखाना काढायला कायदा आडवा येत होता. हे आरक्षण उठायला २००० साल उजाडलं, आणि होजिअरीचं त्याहूनही उशिरा उठलं. तोवर ढाक्याच्या एकेका मजल्यावर शेकडो बायका बसून अमेरिकेच्या दुकानांसाठी शिवत होत्या. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बांगलादेश नव्हताच, तरी त्याची जागा मोकळी करून देण्यात आपल्या त्या कायद्याचा हात होता.

*

आता कापूस. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. गिरण्यांच्या गरजेच्या दोनेक टक्के पिकतो. बाकी सगळा बाहेरून. जगातल्या सर्वांत मोठ्या कापूस उत्पादक देशांपैकी एक तीन बाजूंनी लागून असताना हा माल कुठून यावा, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. यवतमाळ, अकोला, जळगावच्या जिनिंगमधून निघालेल्या गाठी, गुजरातच्या गाठी, तामिळनाडू आणि पंजाबचं सूत, हा सगळा माल ट्रकनं आणि रेल्वेनं पेट्रापोलला जायचा. बांगलादेशच्या विणाई कारखान्याला दोन-तीन ट्रक सूत हवं असेल, तर फोनवर सौदा व्हायचा आणि आठवड्याभरात माल दारात. ब्राझीलची गाठ समुद्रातून यायला दीड-दोन महिने लागतात, आणि ती घ्यायची तर मोठ्या खेपेत, म्हणजे पैसा तेवढे दिवस अडकला.

जवळ असण्याचा फायदा किती, हे कपड्यांच्या धंद्यात दिवसांत मोजतात. युरोपातली साखळी दुकानं ऑर्डर देतात आणि माल जहाजावर चढायची तारीख ठरवतात. ती तारीख चुकली तर कारखानदाराला दोनच वाटा: स्वतःच्या खर्चानं माल विमानानं पाठवायचा, नाही तर दरात सूट द्यायची. दोन्हींत नफा जातो. म्हणून सूत चार दिवस उशिरा आलं की ते चार दिवस शिलाईच्या मजल्यावरून वसूल होतात, रात्रीच्या ओव्हरटाइमनं. महिन्याला १२,५०० टाका किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईच्या झोपेतून सीमेवरचा उशीर भरून निघतो. २४ एप्रिल २०१३ ला साभारची राणा प्लाझा कोसळली. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद राहिली, पण वरच्या कारखान्यांत कामगारांना कामावर बोलावण्यात आलं. १,१३४ माणसं मेली. त्यामागं मालकांचा लोभ होता आणि बेकायदा चढवलेले मजलेही होते. पण ऑर्डरच्या तारखेची जी दहशत त्या मजल्यांवर होती, ती या पुरवठा साखळीच्या बांधणीतच आहे आणि तिचा एक धागा सीमेवरच्या रांगेपर्यंत जातो.

ती रांग बघण्यासारखी नाही. कोलकात्याहून येणारे ट्रक बनगावच्या आसपास दिवसेंदिवस उभे असतात. सीमेपलीकडे भारतीय ट्रक गोदामाच्या आवारापर्यंतच जातो. तिथं माल उतरवायचा आणि बांगलादेशी ट्रकमध्ये पुन्हा भरायचा. जागतिक बँकेनं त्याच २०२१ च्या अहवालात तुलना केली आहे. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला कित्येक दिवस लागतात, पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वाहतुकीची सीमा सहा तासांच्या आत पार होते. एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशात थेट जावा म्हणून भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी जून २०१५ मध्ये थिंफूत मोटार वाहन करार केला. दहा वर्षांनंतरही ट्रक सीमेवरच रिकामा होतो.

या संथ पण चालू वाटेवर आपण दोनदा अचानक कुलूप लावलं. १९ एप्रिल २०१० रोजी कापूस निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ ला निर्यातीवर सरळ बंदी घातली. दोन्ही वेळा कारण एकच: देशातल्या गिरण्यांना कापूस कमी पडेल आणि भाव चढतील. २०१२ ची बंदी आठवणं महाराष्ट्राला अवघड जाऊ नये. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विश्वासात न घेता निर्णय झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. आठवड्याभरात बंदी सैल करावी लागली. शेतकऱ्याच्या घरात कापूस असताना त्याचा भाव पाडला गेला, ही आपल्याकडची बाजू. ढाक्यातली बाजू अशी, की ज्यांनी पुढच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी भारतीय कापसाच्या भरवशावर घेतल्या होत्या, त्या गिरण्यांना आठवडाभर आपलं काय होणार हे कळत नव्हतं. बंदी उठली, पण तो आठवडा ते विसरले नाहीत. त्यानंतर बांगलादेशच्या गिरण्यांनी ब्राझीलशी, माली-बेनिनसारख्या पश्चिम आफ्रिकी देशांशी आणि अमेरिकेशी आपले सौदे वाढवत नेले. अमेरिकन कापसाला बंदरावर पुन्हा धुरी द्यायची अट २०२३ मध्ये ढाक्यानं काढून टाकली.

कांद्याची कहाणी याहून उघड आहे, कारण ती लासलगावच्या बाजार समितीत घडते. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं वर्षानुवर्षं सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३ अशा तीनदा आपण निर्यात एका रात्रीत बंद केली. २०२० मध्ये तर भरलेले ट्रक सीमेवर उभेच राहिले आणि कांदा सडू लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत उद्योजकांपुढे बोलताना शेख हसीना यांनी हिंदीत सांगितलं होतं, की आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून बजावलं आहे, आणि पुढच्या वेळी निदान आधी कळवावं. हसण्यावारी नेलेली ती विनंती खरी व्यापारी मागणी होती. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशनं ती कागदावर आणली: तांदूळ, गहू, साखर, कांदा, लसूण, आलं यांचा ठरावीक वार्षिक कोटा आम्हाला द्या, मग बंदी घातली तरी तेवढं मिळत राहील. तसा कोटा ठरला नाही.

मग ढाक्यानं दुसरं काम केलं. शेतकऱ्यांना बियाणं आणि अनुदान देऊन उन्हाळी कांद्याची लागवड वाढवली. त्यासाठी वाटलेलं वाण होतं एन-५३. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या संशोधन केंद्रानं काढलेलं. आता बांगलादेश आपल्या शेतकऱ्याचा कांदा बाजारात असताना आयातीचे परवाने रोखून धरतो आणि २०२५ मध्ये नाशिकच्या भावाला त्याचा फटका बसला. निफाडच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक निफाडच्याच बियाण्यानं तुटलं. या गोष्टीचा मला राग येतो तो बांगलादेशावर नाही. ज्या माणसाला तीनदा दारात उभं करून परत पाठवलं, त्यानं स्वतःच्या परसात लावलं तर त्याला काय म्हणणार?

*

शेजाऱ्याची जागा शुल्काच्या फरकानंही ठरते, आणि त्याचं विचित्र उदाहरण नेपाळचं. नेपाळात निर्यात करण्याइतकं सोयाबीन पिकत नाही. तरी नेपाळ भारताला शुद्ध केलेलं सोयाबीन तेल विकतो, कारण दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार करारात त्याला शुल्क लागत नाही. अर्जेंटिना-ब्राझीलचं कच्चं तेल आपल्याच हल्दियाच्या बंदरात उतरतं, नेपाळच्या तराईत जातं, शुद्ध होतं आणि उलट्या वाटेनं बिहार-उत्तर प्रदेशात येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतानं कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. हेतू होता लातूर-इंदूरच्या सोयाबीन शेतकऱ्याला आधार द्यायचा. पण नेपाळमार्गे येणाऱ्या तेलाला एकदम उधाण आलं. मे २०२५ च्या अखेरीला कच्च्या तेलावरचं शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं आणि त्या धंद्यातली हवा बरीच गेली. वीरगंज-विराटनगरच्या तेल गिरण्या भारताच्या शुल्क तक्त्यातल्या एका ओळीवर उभ्या आहेत. ती ओळ बदलली की त्या ओस पडतात.

बांगलादेशची गोष्ट एवढी तकलादू नाही. कपड्यांच्या कारखान्यांत चाळीस लाख माणसं आहेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका, आणि देशाच्या निर्यातीतले ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे कपड्यांतून येतात. तिथं दोन मोठ्या अर्थव्यवस्थांनी काम वाटून घेतलं आहे. शर्ट-पँटचं विणलेलं कापड बहुतांश चीनहून येतं. टी-शर्ट आणि स्वेटरचं होजिअरी कापड तिथंच विणलं जातं, आणि त्याचं सूत निघतं तिथल्या गिरण्यांतून किंवा भारतातून. म्हणजे लंडनच्या दुकानात ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलेल्या टी-शर्टमध्ये विदर्भाचा कापूस असण्याची शक्यता बरीच असते, शर्टात मात्र चीनचं कापड.

हा फरक पुढे फार मोठा होणार आहे. बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला ‘अल्पविकसित देश’ या यादीतून बाहेर पडायचा आहे. आज त्या यादीमुळे युरोपात त्याच्या कपड्यांना शुल्क नाही, आणि २०११ पासून नियम इतका सैल आहे की कापड कुठूनही आणा, शिवलं ढाक्यात की झालं. ही सवलत २०२९ पर्यंत चालेल. त्यानंतर दोन टप्प्यांची अट येऊ शकते: कापडही तिथंच विणलं पाहिजे आणि कपडाही तिथंच शिवला पाहिजे. चीनचं तयार कापड मग चालणार नाही, भारताचं सूत चालेल. म्हणजे येत्या काही वर्षांत बांगलादेशाला सर्वांत जास्त गरज पडणार आहे ती भारतीय सुताची, आणि ते जवळून, वेळेवर, लहान लहान खेपांत मिळण्याची.

अशा वेळी २०२५ च्या एप्रिलमध्ये काय झालं, ते क्रमानं बघायला हवं. ८ एप्रिलला भारतानं एक जुनी सोय काढून घेतली. जून २०२० पासून बांगलादेशी निर्यातदारांना आपला माल पेट्रापोलमार्गे दिल्ली किंवा कोलकात्याच्या विमानतळावर नेऊन तिथून युरोप-अमेरिकेला पाठवता येत होता. ढाक्याच्या विमानतळावर जागा कमी, भाडं जास्त. दिल्लीहून स्वस्त पडायचं. आपल्या कपडे निर्यातदारांची तक्रार होती, की या मालामुळे विमानातली जागा भरते आणि मालवाहतुकीचे दर वाढतात. सरकारनंही विमानतळ-बंदरांवरची गर्दी हेच कारण दिलं. पाठोपाठ महिन्याच्या मध्याला बांगलादेशनं बेनापोल, भोमरा, सोनामसजिद, बांगलाबंधा आणि बुडीमारी या भूसीमांवरून भारतीय सूत आणायला बंदी केली. मागणी तिथल्या सूतगिरणी मालकांची होती: भूसीमेवरून स्वस्त सूत खोट्या नोंदींनी आत येतं आणि आमच्या चात्या बंद पडतात. होजिअरीवाल्यांनी याला विरोध केला, कारण त्यांना तेच सूत हवं होतं. मग १७ मे ला आपली अधिसूचना.

या तिन्ही निर्णयांत एक समान गोष्ट आहे. प्रत्येक वेळी देशातल्या एका गटाची मागणी आणि राजकीय राग एकत्र आले, आणि त्याच देशातला दुसरा गट तोट्यात गेला. इथल्या कपडेवाल्यांना जागा मिळाली, पण इथल्या सूतगिरण्यांचं जवळचं गिऱ्हाईक दूर गेलं. दर वर्षी सुमारे ६० कोटी डॉलरचे बांगलादेशी कपडे अडवण्यासाठी आपण अब्जावधी डॉलरच्या कापूस-सुताच्या बाजारातला भरवसा पणाला लावला. भारत बांगलादेशाला विकतो अकरा अब्ज डॉलरच्या आसपास, घेतो दोन अब्जांच्या आसपास. या हिशेबात दार बंद करण्याची चटक आपल्याला परवडणारी नाही.

*

या सगळ्यात अमेरिका उतरली. ऑगस्ट २०२५ पासून बांगलादेशी मालावर वीस टक्के आयात शुल्क, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून भारतीय मालावर पन्नास. तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपड्यांच्या ऑर्डरी थांबल्या. भारत सरकारनं कापड उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्टपासून कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका वेचणीचा हंगाम. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला होता, पण बाहेरचा कापूस शुल्काविना बंदरात उतरत असताना व्यापारी तो भाव का देणार होते? यवतमाळच्या शेतकऱ्याला भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर रांग लावावी लागली, नाही तर मिळेल त्या भावाला कापूस घालावा लागला. २०२१-२२ मध्ये याच कापसाला दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता, तेव्हा बांगलादेशच्या गिरण्या इथून जोरात खरेदी करत होत्या.

तिरुपूरला नाकारलेल्या ऑर्डरींतला काही भाग ढाक्याकडे वळणार हे उघड होतं. त्या टी-शर्टांना सूत लागणार होतं. इथल्या कापसाचं सूत तिथं विणून, तिथं शिवून अमेरिकेला गेलं असतं, तर पन्नासऐवजी वीस टक्के शुल्क भरून गेलं असतं. विदर्भाच्या कापसाला अमेरिकेच्या दुकानात जायचा हा २०२५ मधला सर्वांत मोकळा रस्ता होता, आणि तो पेट्रापोलवरून जात होता. अमेरिकेनं त्यातही एक मेख मारून ठेवली होती: मालाच्या किमतीत किमान वीस टक्के भाग अमेरिकन असेल, तर तेवढ्या भागाला नवं शुल्क नव्हतं. ढाक्यातल्या निर्यातदारांनी लगेच हिशेब सुरू केला, की टेक्सासचा कापूस वापरला तर किती वाचतात. सुतासाठी भूसीमा बंद झाल्यावर चितगावमार्गे समुद्रातून येणाऱ्या भारतीय सुताचीही टेक्सासच्या कापसासारखी वाट बघावी लागत असेल, तर जवळचा म्हणून कोण आपल्याला पसंत करणार?

सप्टेंबर २०२२ मध्ये भारत आणि बांगलादेशाच्या पंतप्रधानांनी सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराची बोलणी सुरू करायचं ठरवलं होतं. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा संयुक्त अभ्यास तयार होता. त्या करारात अचानक बंदी घालण्याआधी नोटीस द्यायची एक ओळ, आधी निघालेल्या ट्रकांना सूट देणारी दुसरी ओळ आणि सुताच्या भूसीमा खुल्या ठेवणारी तिसरी, एवढं जरी आलं तरी नाशिकच्या कांद्याला आणि यवतमाळच्या कापसाला जे मिळेल ते कुठल्याही अनुदानाहून मोठं असेल. महाराष्ट्राचे खासदार हमीभावावर बोलतात, निर्यातबंदीवर बोलतात. पेट्रापोलबद्दल त्यांच्यापैकी कुणी बोलावं, ही मागणी आता कापूस आणि कांदा उत्पादकांच्या संघटनांनी करायला हवी. त्यांचं गिऱ्हाईक त्या सीमेपलीकडे आहे.